गॅप सर्टिफिकेट

रत्नागिरीत जयस्तंभाच्या आसपास प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारे लोक बसतात. त्यांच्यातल्या एकाने गेल्या महिन्यात मला विचारलं, "गॅप किती वर्षांचा?"

"सहा."

"कारण काय लिहू?"

"नोकरी."

त्याने मान वर न करता टाइप केलं. मजकूर ठरलेलाच होता. अमुक साली पदवी घेतली, त्यानंतर आजपर्यंत कुठल्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही, वरील मजकूर खरा आहे, खोटा आढळल्यास मी जबाबदार. शिक्षणात खंड पडलेल्या माणसाने पुन्हा प्रवेश घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे हा कागद लागतो. सगळे त्याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. सहा वर्षं मी काय करत नव्हतो, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.

मी इंजिनियर आहे. लॉकडाउनमध्ये घरी आलो, पुढे काम घरूनच चालू राहिलं, म्हणून रत्नागिरीतच राहिलो. आता मला इतिहासात एम.ए. करायचं आहे आणि जमलं तर पुढे त्यातच काम करायचं आहे. हे सांगितल्यावर एका काकांनी विचारलं, "आणि खाणार काय, ताम्रपट?" त्यावर मीही हसलो. बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, "दोन वर्षं घराचा हप्ता मी बघते. तू भर फॉर्म."

काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. बायकोच्या वाक्याला नव्हतं. अजूनही नाही. तिने हो म्हटल्यावर आनंद व्हायला हवा होता, पण पोटात गोळा आला.

मग मला इतिहासाची सवय आहे तशी मी शोधाशोध सुरू केली. आपल्याच जिल्ह्यात वय उलटून गेल्यावर पुन्हा शिकायला बसलेले, शिकून आयुष्याची वाट बदललेले लोक कोण? नावं पटापट मिळाली, आणि साधीसुधी नव्हती. पण मला हवं होतं ते वेगळंच. ते शिकत होते तेव्हा त्यांच्या घरचा हप्ता कोण बघत होतं?

फार लहान दिसतोस

पहिलं नाव धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८, खेड तालुक्यातलं शेरवली. वाढले दापोलीजवळच्या मुरुडला. १९५८ साली, शंभरी गाठताना त्यांना भारतरत्न मिळालं. आपल्या डोळ्यांसमोर त्यांची पांढऱ्या दाढीची मूर्ती येते, त्यामुळे ते जन्मापासूनच महर्षी होते असं वाटतं. खरं तर विशीपर्यंत त्यांचं गाडं बऱ्यापैकी अडकलेलं होतं.

त्या काळात मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाली की गावाकडे शाळामास्तराची किंवा कारकुनाची नोकरी मिळायची. कोकणातल्या गरीब, लिहित्या-वाचत्या घरातल्या मुलासाठी हे मोठं स्वप्न. परीक्षेचं केंद्र साताऱ्याला होतं. मुरुडहून सातारा म्हणजे मध्ये सह्याद्री. कर्वे आणि सोबतचे काही जण शंभर मैलांहून जास्त अंतर पायी तुडवत गेले. तिथे परीक्षा समितीने त्यांच्याकडे बघून सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही. वय पुरेसं होतं, अंगकाठी लहान होती. आले तसे परत गेले.

ही गोष्ट शाळेत आपल्याला जिद्दीचा धडा म्हणून सांगतात. मला आता ती वेगळी वाचता येते. दारावरचा माणूस तुमचं वय बघतो आणि तुम्हाला आत घ्यायचं की नाही ते ठरवतो. आज मला जे 'फार मोठा' म्हणतात, तेच दार तेव्हा कर्व्यांना 'फार लहान' म्हणालं होतं.

ही परीक्षा कर्व्यांनी नंतर कोल्हापूरला दिली आणि ते पास झाले. आता मास्तरकी मिळाली असती. पण त्यांनी इंग्रजी शिक्षणाची वाट धरली, म्हणजे बऱ्याच गोष्टी जवळजवळ पहिल्यापासून. मुंबईच्या रॉबर्ट मनी स्कूलमधून ते १८८१ साली मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचं वय २३. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन बी.ए. झाले. वर्गात त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान मुलं असणार. आपल्याकडे बारावीच्या बाकावर तेविशीचा माणूस बसला तर त्याची काय गत होईल, याचा विचार करून बघा.

आता माझा प्रश्न. मुंबईत शिकवण्या करून पोट भरत, परीक्षा देत असलेल्या या विद्यार्थ्याचं लग्न कधीच झालेलं होतं. पत्नीचं नाव राधाबाई. लग्न झालं तेव्हा नवराही पोरसवदा आणि बायको तर जेमतेम आठ-नऊ वर्षांची, त्या काळच्या रीतीप्रमाणे. नवऱ्याच्या मॅट्रिकनंतरच्या जानेवारीत, १८८२ साली, त्यांना मुलगा झाला. हाच मुलगा म्हणजे पुढे संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे. म्हणजे नवरा कॉलेजात आणि बाळ मांडीवर, अशी राधाबाईंची ती वर्षं गेली. १८९१ साली त्या वारल्या, तिशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी कर्वे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले, आणि महर्षी होण्याकडे जाणारा रस्ता तिथून सुरू झाला.

राधाबाईंनी त्या वर्षांत काय काय निभावलं, याचा तपशील फार कमी सापडतो. बी.ए.चं वर्ष मात्र प्रत्येक चरित्रात आहे.

देवरुखच्या दोघी बहिणी

मुंबईच्या शाळेत कर्व्यांना एक मित्र भेटला. नरहर बाळकृष्ण जोशी, गाव देवरुख. रत्नागिरीहून देवरुख म्हणजे आज एस.टी.ने दीड-दोन तासांचा रस्ता. नरहरपंतांच्या दोन बहिणी या लेखात येतात, आणि माझ्या मते खऱ्या अर्थाने 'उशिरा प्रवेश घेणाऱ्या' त्याच आहेत.

थोरली गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यापुढची पंधराएक वर्षं सासरी कामात गेली. प्रतिज्ञापत्राच्या भाषेत सांगायचं तर पंधरा वर्षांचा गॅप. फरक एवढाच की गॅपच्या आधी शाळाही नव्हती. त्या भावाकडे मुंबईला आल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं तेव्हा तिथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या. वय चोविशीच्या आसपास. चोविशीत अक्षरं गिरवायची, तीही वैधव्याचा शिक्का कपाळी असताना.

शारदा सदनमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी सोय. ते वसतिगृह होतं. रमाबाई स्वतः विधवा होत्या, लहान मुलगी सांभाळत इंग्लंड-अमेरिकेत शिकून-शिकवून आल्या होत्या. विधवेला नुसती शाळा उघडून देऊन काही उपयोग नाही, हे त्यांना माहीत होतं. सासरी धुणं-भांडी-पाणी करून दुपारी शाळेत ये, असं म्हटलं असतं तर कोण आलं असतं? राहायला जागा, जेवायला अन्न आणि शिकायला वर्ग, तिन्ही एका छपराखाली असल्यामुळे गोदूबाई शिकू शकल्या.

१८९३ साली गोदूबाई आणि कर्वे यांचं पुण्यात लग्न झालं. विधवाविवाह! मुरुडने कुटुंबावर बहिष्कार टाकला. गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं, आणि सगळे त्यांना बाया म्हणू लागले. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. कर्व्यांची कमाई आणि वेळ आश्रमाकडे वाहू लागला, आणि घरखर्चाची तोंडमिळवणी बायांच्या गळ्यात पडली. बायांनी पुढे 'माझे पुराण' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. महर्षींच्या बायकोने लिहिलेलं म्हणून भक्तिभावाने उघडाल तर दचकाल. त्यात नवऱ्याविषयी आदर आहे आणि संसाराच्या ओढाताणीची स्पष्ट तक्रारही आहे. त्या सगळ्या मोठ्या कामाची किंमत घरात कोणी मोजली, याची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली. राधाबाईंना लिहिता आलं असतं तर?

धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. जन्म १८७०. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य. पदरात एक मुलगा. केशवपन केलेल्या, देवरुखला वडिलांच्या घरी परतलेल्या. तिथेच त्यांचं आयुष्य संपलं असं गावाने धरलं असेल. पण सव्विशीच्या आसपास त्या मुलाला घेऊन पुण्याला बहिणीकडे आल्या आणि शिकायला बसल्या.

इथे थांबून चित्र नीट बघायला हवं. पार्वतीबाईंना पुनर्विवाह करायचा नव्हता. पुनर्विवाह केलेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या बहिणीच्या घरी एक सोवळी विधवा येऊन राहते. आई आणि मुलगा दोघंही विद्यार्थी. हे कशामुळे शक्य झालं? बायांच्या घराचं दार उघडं होतं, त्या घरात एका पोराचं ताट जास्त मांडलं जात होतं, म्हणून. बायांना शिकता आलं ते रमाबाईंच्या छपरामुळे. पार्वतीबाईंना शिकता आलं ते बायांच्या छपरामुळे.

पार्वतीबाई आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या. पुढे वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या, सभांतून बोलल्या. चुलीपाशी आयुष्य काढण्यासाठी वाढवलेली बाई संस्थेसाठी निधी उभारणारी कार्यकर्ती झाली. करिअर चेंज या शब्दाचा आपण आज जो अर्थ करतो, त्यापेक्षा ही उडी कितीतरी लांबची होती.

आणि एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. इंग्रजी येत नाही ही गोष्ट त्यांना सलत राहिली. मोठ्या शहरांतल्या शिकलेल्या, पैसेवाल्या लोकांपुढे आश्रमाचं काम मांडायचं तर ती भाषा हवी. म्हणून १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. शिष्यवृत्ती नव्हती. लोकांच्या घरी घरकाम करायचं आणि जमेल तसं इंग्रजी शिकायचं, असा तो बेत. आता बघा, ज्या घरकामातून सुटण्यासाठी एक बाई देवरुखहून निघाली होती, तेच घरकाम परदेशात फी म्हणून भरत होती. १९२० साली त्या परतल्या. १९२८ साली त्यांचं आत्मचरित्र आलं, 'माझी कहाणी'. दोन वर्षांनी जस्टिन अॅबट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

मला त्यांच्या वयाचं कौतुक आहेच. पण त्याहून लक्षात राहतं ते हे, की त्या निघाल्या तेव्हा मुलगा मोठा झाला होता. सव्विसाव्या वर्षी त्यांना बहिणीचं घर लागलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मागे कोणाच्या गळ्यात लहान मूल टाकून जावं लागलं नाही. उशिरा शिकणाऱ्या बाईला घड्याळापेक्षा घरातली सोय बघून निघावं लागतं. पुरुषांचं तसं नव्हतं, आणि पुढचं नाव त्याचाच दाखला आहे.

नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांच्या लहानपणीची काही वर्षंही दापोलीत गेली. त्यांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. त्यात एक गोष्ट नजरेतून सुटते. लंडनचं त्यांचं शिक्षण सलग झालेलं नाही. मध्ये गॅप आहे.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. विद्यापीठाकडून एक सवलत मिळाली होती, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. बडोद्याच्या नोकरीत जातीमुळे राहायला जागासुद्धा मिळाली नाही. नोव्हेंबर १९१८मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

सरकारी कॉलेज, चांगला पगार. कोणत्याही काकांनी सांगितलं असतं, आता स्थिर हो. त्यांनी काय केलं? पगारातून पैसे बाजूला टाकले, मार्च १९२०मध्ये नोकरी सोडली आणि जुलैमध्ये लंडनची बोट पकडली. वय २९. शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं. लंडनमध्ये दिवसभर ग्रंथालयात बसून, अर्धपोटी राहून त्यांनी एम.एस्सी. केलं, बॅरिस्टर झाले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. परत येऊन त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. प्राध्यापक गेला होता, बॅरिस्टर परत आला.

चार वर्षांची ती सवलत नसती तर? हा प्रश्न मला सारखा पडतो. एका विद्यापीठाने गॅप मान्य केला, म्हणून पुढचं सगळं होऊ शकलं.

आणि मुंबईत मागे कोण होतं? रमाबाई. त्यांचं माहेर वणंद, दापोलीजवळचं. वडील दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लहानपणीच गेले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, मासळीवाल्यांच्या ओट्यांमध्ये त्यांचं बाबासाहेबांशी लग्न झालं. नवरा आधी अमेरिकेत, मग लंडनमध्ये, पुन्हा लंडनमध्ये. एवढा सगळा काळ मुंबईच्या चाळीतलं घर त्यांनी अत्यंत तुटपुंज्या पैशांत ओढलं. पाच मुलं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. १९३५ साली रमाबाई गेल्या, अजून चाळिशीही झाली नव्हती.

राधाबाई आणि रमाबाई यांची तुलना सरळसोट करता येणार नाही हे मला कळतं. मुरुडच्या ब्राह्मण घरातली गरिबी आणि परळच्या चाळीतल्या अस्पृश्य ठरवलेल्या कुटुंबाची गरिबी एक नव्हे. कर्व्यांना समितीने वयावरून परत पाठवलं. आंबेडकरांना शाळेत वर्गाच्या बाहेरच बसवलं गेलं होतं. पण दोन्ही घरांत नवऱ्याच्या अभ्यासाची वर्षं बायकोच्या हिशेबात जमा होत गेली, एवढं मात्र खरं.

बाबासाहेबांना याची जाणीव होती. १९४० साली त्यांचं 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक आलं. ते त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. राजकारणावरचं, आकडेवारीने भरलेलं पुस्तक, आणि पहिल्या पानावर वणंदच्या रामूविषयी कृतज्ञता. तिने सोबतीने जे सोसलं, त्याचा तिथे उल्लेख आहे.

आश्रितांचा रकाना

ही सगळी जुनी माणसं, तेव्हा दिवसच तसे होते, असं म्हणून पुढे जाता येईल. पण हा प्रश्न सोडवता येतो, हे गेल्या शतकात काही ठिकाणी दिसलं आहे.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेपुढे प्रश्न होता, लाखो सैनिक परत येणार, त्यांचं करायचं काय? १९४४ साली कायदा झाला, लोक त्याला जी.आय. बिल म्हणतात. परतलेल्या सैनिकाला कॉलेजात जायचं असेल तर सरकार वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी भरणार आणि वर राहण्याखाण्याला महिन्याला भत्ता देणार. एकट्या माणसाला ५० डॉलर, आणि ज्याच्यावर घरचे अवलंबून आहेत त्याला ७५. १९४७ साली अमेरिकी कॉलेजांतले जवळपास निम्मे विद्यार्थी हे माजी सैनिक होते. पंचविशी-तिशीतले, लग्न झालेले, पोरंबाळं असलेले विद्यार्थी. कृष्णवर्णीय सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, या कायद्याचा फायदा फार कमी मिळू दिला गेला, हेही तितकंच खरं. पण ५० आणि ७५ यांच्यातला तो २५ डॉलरचा फरक मला फार बोलका वाटतो. विद्यार्थ्याच्या मागे एक घर असतं, हे कुठल्यातरी सरकारी कागदाने मान्य केलं.

ब्रिटनने १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी काढली. नोकरी आणि घर न सोडता, पत्राने आणि टी.व्ही.-रेडिओवरून पदवी घ्यायची सोय. आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं. नाशिकच्या विद्यापीठाने तर शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम ठेवला. मधेच शाळा सुटलेला माणूसही तो करून पदवीला बसू शकायचा. गावोगावच्या अंगणवाडी सेविका, पोलीस, वायरमन यांच्या घरांत भिंतीवर जो पदवीचा फोटो दिसतो, तो बऱ्याचदा याच विद्यापीठाचा असतो.

वयाची दारंही हळूहळू मोडत आहेत. डॉक्टर होण्यासाठीच्या नीट परीक्षेला खुल्या प्रवर्गात २५ वर्षांची वरची मर्यादा होती, ती २०२२ साली काढून टाकली. म्हणजे तिथे दारावरचा माणूस आता 'फार मोठा' म्हणत नाही. बरीच लढाई जिंकली आहे.

पण आश्रितांचा रकाना आपल्या अर्जात अजून नाही. माझ्या फॉर्ममध्ये वडिलांचं उत्पन्न विचारलंय, आईचं नाव विचारलंय, जात, प्रवर्ग, रक्तगट, सगळं आहे. तुम्ही वर्गात असाल तेव्हा घर कोण चालवणार, हे कुणी विचारत नाही. अठराव्या वर्षी ते विचारायची गरजही नसते, कारण तेव्हा घर आपण चालवतच नसतो. अर्ज अठरा वर्षांच्या मुलासाठी बनवलेला आहे आणि मी त्यात अठ्ठाविसाव्या वर्षी मावायला बघतोय.

उशिरा शिकणाऱ्यांच्या गोष्टी आपण हिमतीच्या गोष्टी म्हणून सांगतो. हिंमत लागतेच, पण ती एकट्याची नसते. नरहरपंतांचं बिऱ्हाड, रमाबाईंचं वसतिगृह, बायांच्या घरातलं जास्तीचं ताट, भथेनांचं कर्ज, राधाबाईंची आणि रमाबाईंची वर्षं. यातलं काही उसनं होतं, काही दान होतं, आणि काही न विचारता घेतलेलं होतं. हे शेवटचं मला टोचतं. राधाबाईंना कोणी विचारलं असेल का, की बाई, मी आणखी तीन वर्षं शिकू का? त्या काळी ते सुचलंही नसेल. मला सुचलं आहे, तेव्हा मला ती सबब नाही.

बायको म्हणाली होती, "हप्ता मी बघते." ती हे पटकन म्हणाली. इतकं पटकन, की मी त्याला होकार धरून थेट जयस्तंभावर गेलो.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा जुनी कागदपत्रं शोधताना कपाटात एक फाइल सापडली. बी.एड.च्या प्रवेशाची, तीन वर्षांपूर्वीची. मार्कशीटच्या झेरॉक्स, फोटो, अर्धा भरलेला अर्ज. तेव्हा माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि माझं एक प्रोजेक्ट संपत नव्हतं. घरी कोणीतरी थांबायला हवं होतं. कोण थांबलं, हे मी विसरूनही गेलो होतो. त्या फाइलवर तिचं लग्नाआधीचं नाव आहे.

माझं प्रतिज्ञापत्र तयार आहे, सहीसुद्धा झाली आहे. अर्ज भरायची मुदत अजून बारा दिवस आहे. आज रात्री जेवणं झाली की दोन्ही फाइली टेबलावर ठेवणार आहे, आणि कोणी आधी, कोणी नंतर, की दोघांनी थोडं थोडं, हे तिला विचारणार आहे. यावेळी ती पटकन काही म्हणाली तरी लगेच उठायचं नाही, एवढं ठरवलं आहे.